झडपेवरचं कुंकू

“हिलापण लावू का?” सिंधूनं विचारलं.

खंडेनवमीचा दिवस होता. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर एसीच्या मशीनची एक बारकी खोली होती, तिथं आम्ही दोघं होतो. हवा फेकणारा ब्लोअर, मोटर, पट्टा, बिजलीचं पॅनल, सगळं मी सकाळीच पुसून काढलं होतं. माझे पाने, पक्कड आणि गेज वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. झेंडूचा हार पॅनलवर चढला होता. सिंधूच्या हातात ताट होतं, आणि ती एकेका मशीनला हळदकुंकू लावत भिंतीपर्यंत पोचली होती.

“ही कशाची?”

“झडप आहे.”

“ते दिसून राहिलं. कशाची झडप?”

“बाहेरची हवा आत घ्यायची.”

“अगंबाई! मग हिला तर आधी लावायला पाहिजे होतं.” तिनं तीन बोटं कुंकवात बुडवली. मग थांबली. “पण हिला तारेनं बांधलं काहून?”

“खडखड करते,” मी म्हणालो.

“बांधून ठेवल्यावर कोणी पण गप बसते,” ती म्हणाली आणि हसली. हसताना तिला खोकला आला. ताट माझ्याकडे देऊन ती भिंतीला टेकून खोकली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा ताट घेतलं. कुंकू तिनं तेलात कालवून आणलं होतं. लोखंडावर कोरडं कुंकू धरत नाही, हे तिला इतक्या वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. झडपेचा दांडा पत्र्याला चिकटून आडवा होता. तिनं वरच्या पत्र्यापासून सुरुवात केली आणि दांड्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत तीन बोटं सरळ ओढली. तीन लाल रेघा, चांगल्या वीतभर.

मग तिनं त्या झडपेला हात जोडले. बाकीच्या मशीनला जोडले त्यापेक्षा जरा जास्त वेळ.

मी अंबादास हेडाऊ. त्या ऑफिसात एसीचा माणूस होतो, कंत्राटावर. अकरा वर्षं कंत्राटावर. सिंधू त्याच तिसऱ्या मजल्यावर क्लेम विभागात क्लार्क होती, कायम. विम्याचं ऑफिस होतं. लोक म्हणायचे, “वहिनी, खुर्ची तुमची, हवा नवऱ्याची. तुम्हाला काय कमी आहे?” ती म्हणायची, “हवाच कमी आहे.” लोकांना तो विनोद वाटायचा.

झडपेचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. आमची बिल्डिंग काचेची, खिडक्या कायमच्या बंद. आतली हवा मशीन ओढतं, थंड करतं, पुन्हा आत सोडतं. तीच हवा पुन्हा ओढतं. नव्वद माणसं दिवसभर तीच हवा घेतात आणि सोडतात. म्हणून एक झडप ठेवलेली असते, तिच्यातून थोडी बाहेरची हवा येत राहते. पण मे महिन्यात बाहेरची हवा सेहेचाळीस डिग्री. ती थंड करायला मशीन जास्त चालवावं लागतं.

त्या खंडेनवमीच्या तीन वर्षं आधी आमचे प्रशासनाचे साहेब, राजुरकर, मला म्हणाले होते, “हेडाऊ, ही झडप बंद केली तर काय होईल?”

“बिल कमी येईल साहेब.”

“अजून?”

“हवा तीच ती फिरेल.”

“थंड राहील ना?”

“थंड तर राहील.”

“मग झालं तर. थंड हवेचाच तर एसी असतो.”

मी झडप बंद केली. तिचा बोल्ट झिजला होता, दांडा आपोआप घसरायचा, म्हणून तार गुंडाळली. पुढच्या वर्षी आमच्या ऑफिसला मुख्य कार्यालयाकडून ऊर्जा बचतीची ढाल मिळाली. ती खाली स्वागतकक्षात काचेच्या कपाटात ठेवली. राजुरकर साहेबांचा फोटो छापून आला. मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते मी घरी बैठकीत लावलं. त्याच्या खालच्या फळीवर पुढं पुढं सिंधूची औषधं राहू लागली. डॉक्टरांनी दिलेला ओढायचा फवाराही तिथंच असायचा.

सिंधूला झडपेचं मी सांगितलं नव्हतं. आधी सांगण्यासारखं काही वाटलं नाही. आणि जेव्हा वाटलं, तेव्हा सांगायची वेळ गेली होती.

तिसऱ्या मजल्यावर दुपारी तीन वाजले की डोकी दुखायची. कोणी डोळे चोळायचं, कोणी जांभया द्यायचं. सिंधूच्या शेजारी लांजेवार बाई बसायच्या. त्या तर फाईलवर मान टाकून झोपायच्या. उठवलं की म्हणायच्या, “मी झोपली नव्हती वं, विचार करून राहिली होती.” सिंधूला आधीच दम्याचा थोडा त्रास होता. त्या तीन वर्षांत तो थोडा राहिला नाही. रविवारी ती बरी असायची. सोमवारी दुपारपासून खोकला सुरू.

“अहो, काही करता येत नाही का?” ती विचारायची.

“फिल्टर धुतो,” मी म्हणायचो.

आणि धुवायचो. महिन्याचे फिल्टर आठवड्याला धुतले. इतके धुतले की जाळ्या विरल्या. ते पाणी काळं काळं निघालं की मला बरं वाटायचं, काहीतरी केल्यासारखं.

तक्रारी वाढल्या तेव्हा राजुरकर साहेबांनी उपाय केले. पहिला उपाय मोगऱ्याच्या वासाचे फवारे. दुसरा, प्रत्येक खांबाजवळ कुंडी. तिसरा म्हणजे प्राणायामाचं शिबिर. एक गुरुजी आले आणि त्यांनी त्याच बंद हॉलमध्ये नव्वद माणसांना खोल खोल श्वास घ्यायला लावले. मी मशीनच्या खोलीत ब्लोअर बंद करून बसलो होतो, गुरुजींना आवाज नको होता म्हणून. परतीच्या हवेच्या जाळीतून हॉलमधलं सगळं ऐकू यायचं. नव्वद माणसं एकदम श्वास ओढत होती, एकदम सोडत होती. मधेच एक खोकला. तो कोणाचा ते मला सांगावं लागत नव्हतं.

त्या शिबिरानंतर सिंधूनं अर्ज लिहिला. मुख्य कार्यालयाला, हवा तपासून मिळावी म्हणून. तेहतीस सह्या झाल्या. पहिली तिची.

“तुमच्यावर येणार नाही ना काही?” सही करायच्या आधी तिनं मला विचारलं होतं.

“माझ्यावर कशाला येईल?”

“मीपण तेच म्हणते. मशीन जुनं झालं असेल, तुमचा काय दोष? नवं आलं तर तुमचापण ताप कमी होईल.” आणि तिनं सही केली. माझ्याच पेननं.

दसरा झाला. त्यानंतरच्या सोमवारी राजुरकर साहेब मशीनच्या खोलीत आले. एवढ्या वर्षांत ते त्या खोलीत दुसऱ्यांदा आले असतील. रुमाल नाकाला लावूनच दार उघडलं.

“हेडाऊ, बायकोनं चांगलं काम लावलं बावा.”

मी हातातला पाना पेटीत ठेवला.

“गुरुवारी पुण्याहून मॅडम येऊन राहिल्या. पेठे म्हणून. हवा मोजायचं मशीन घेऊन. दिवसभर बसणार.” त्यांनी झडपेकडे पाहिलं. “ही उघडली तर किती वेळात हवा साफ होते?”

“तासाभरात फरक पडतो.”

“मग तू सहा वाजता ये. उघड. दिवसभर उघडी ठेव.”

“साहेब,” मी म्हणालो, “ती बंद आहे तशीच मोजू दिली तर?”

साहेबांनी रुमाल नाकावरून काढला. “तर मॅडम लिहितील की झडप बंद होती. मग विचारतील, बंद कोणी केली. मी केली? मला पाना तरी धरता येते का?”

मी चिंधीला हात पुसले.

“हे पाय, कंत्राटातल्या तीन लोकांना कायम करायची यादी दिवाळीच्या आधी जाणार आहे. तुझं नाव पहिलं आहे. अकरा वर्षं झाली ना? तुझं वय अठ्ठेचाळीस. पुढच्या यादीपर्यंत तू पन्नाशी पार करशील. मग कायम होता येत नाही, नियम आहे. आणि वाईट रिपोर्ट आला, तर कंत्राट कोणाचं जाईल हे मी कायले सांगू?”

दारात जाऊन ते पुन्हा वळले. झडपेवरच्या लाल रेघांकडे पाहून म्हणाले, “पूजा छान केली.”

बुधवारी संध्याकाळी सिंधूनं घरी गोळाभात केला होता. मला आवडायचा म्हणून. ती खुशीत होती. चिंचेचं सार वाढता वाढता बोलत होती.

“लांजेवार बाई म्हणे, मशीन काय सांगणार? साहेबच्या बाजूनं बोलेल. मी म्हटलं, बाई, माणूस बाजूनं बोलते, मशीन नाही. नाही का हो?”

“हो.”

“तुम्ही तर मशीनमधले. तुम्हीच सांगा, मशीन खोटं बोलते का?”

“जसं दिसेल तसं सांगते.”

“बस. मला तेवढंच पाहिजे. तीन वर्षं झाली, सगळे म्हणतात सिंधू नाटकं करते. राजुरकर साहेब म्हणे, घरात काही टेन्शन आहे का? मी म्हटलं, घरात गेली की तर बरं वाटते.” ती जेवता जेवता थांबली. “अहो, उद्या तो आकडा आला ना, की मी नाटकी नाही म्हणून कागदावर लिहून येईल.”

मी भात कालवत राहिलो.

“त्या तारेचं टेन्शन आहे का तुम्हाला? चेहरा असा काहून?”

“कसली तार?” मी दचकून विचारलं.

“बिजलीची. तुम्हीच म्हणाले होते ना परवा, पॅनलची तार बदलायची आहे.”

“हां. ती. ती बदलतो उद्या.”

गुरुवारी सहाला मी ऑफिसात होतो. पक्कडीनं तार कापली. दांडा टोकाला धरून फिरवला, आडव्याचा उभा केला. बाहेरची हवा आत शिरली. ऑक्टोबरातली सकाळची हवा, गार होती. बाहेरच्या कडुनिंबाचा वास तिला होता. तीन वर्षांत त्या खोलीत मोगऱ्याशिवाय दुसरा वास आला नव्हता. माझ्या बोटाला थोडं कुंकू लागलं. मी ते चिंधीला पुसलं. मग फरशी पुसली, पॅनल पुसलं, नवे फिल्टर बसवले. पूजेचं कुंकू मात्र मी पुसलं नाही. ते आम्ही कधीच पुसत नाही. आपोआप जाईल तेव्हा जातं.

साडेनऊला राजुरकर साहेबांनी तिसऱ्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना तळमजल्याच्या कँटीनमध्ये प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता ‘कामाच्या ठिकाणी आनंदी कसे राहावे’. सिंधू तक्रारदार म्हणून वर राहिली. लांजेवार बाईही राहिल्या, कारण त्यांना प्रशिक्षणाचं कोणी सांगितलंच नव्हतं, त्या तेव्हा विचार करत होत्या.

पेठे मॅडम वयानं लहान होत्या, तिशीच्या आतबाहेर. हातात पावासारखं एक पांढरं मशीन, त्यावर आकडा. त्यांनी ते खिडकीशी ठेवलं, मग मधे ठेवलं, मग सिंधूच्या टेबलावर. प्रत्येक वेळी वहीत लिहिलं. मी टूलबॉक्स घेऊन मागे मागे होतो. मला सांगितलंच होतं राहायला.

“हा आकडा कशाचा?” सिंधूनं विचारलं.

“आपण श्वास सोडतो ना, त्यातल्या वायूचा. तो जेवढा जास्त, तेवढी हवा शिळी. हजाराच्या आत असावा. दीड-दोन हजाराच्या पुढे गेला की डोकं जड होतं, झोप येते. ज्याला दमा आहे त्याला अशा कोंडलेल्या हवेत जास्त त्रास.”

“आणि आता किती आहे?”

“सहाशे चाळीस.” मॅडम हसल्या. “फार छान आहे. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात पण इतका नसतो.”

सिंधूनं आकड्याकडे वाकून पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“दुपारी वाढेल मॅडम. तीन वाजता बघा तुम्ही.”

“बघू ना. मी आहे पाचपर्यंत.”

तीन वाजले. सहाशे साठ.

लांजेवार बाई तीनला टक्क जाग्या होत्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, “सिंधू, काय सांगू, आज मले डोकंच नाही दुखून राहिलं वं! झोपपण नाही. सगळ्या फाईली उरकल्या माह्या.”

राजुरकर साहेब तिथंच उभे होते. त्यांनी हात पसरले. “घ्या मॅडम! तपासणी म्हटली की दुखणी गायब. मी आधीपासून सांगतो, हे इथं असतं.” आणि त्यांनी आपल्या कपाळावर बोट टेकवलं. “मनात. तुम्ही हेही लिहा.”

मॅडमनी लिहिलं. सिंधू खोकली नव्हती, सकाळपासून एकदाही. ते तिच्या एव्हाना लक्षात आलं असावं, कारण ती गळ्याशी हात नेऊन बसली होती, जसं काही हरवलं की माणूस खिसा चाचपतो. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टूलबॉक्सची कडी लावली. ती लागलेलीच होती.

“मशीनची खोली बघू या,” पेठे मॅडम म्हणाल्या. “तक्रारदार बाई, तुम्हीही चला. तुमच्यासमोर झालेलं बरं.”

चौघं आत गेलो. मी ब्लोअर बंद केला, बोलणं ऐकू यावं म्हणून. मॅडमनी फिल्टर पाहिले, पट्टा पाहिला, नळी पाहिली, आणि झडपेपाशी आल्या.

“ही बाहेरच्या हवेची ना? पूर्ण उघडी. व्वा. बहुतेक ऑफिसांत मी ही बंद बघते. बिलासाठी.”

“आमच्याकडे माणूस आधी,” राजुरकर साहेब म्हणाले.

“आणि हे कुंकू? खंडेनवमीचं?”

“मशीनला देव मानतो मॅडम आम्ही. ह्यांच्या सौभाग्यवतींनीच पूजा केली. ह्याच त्या.”

मी तेव्हा पाहिलं. त्याआधी मी ते पाहिलंच नव्हतं.

वरच्या पत्र्यावर तीन लाल रेघा होत्या, त्या मधेच तुटल्या होत्या. मग दांड्याच्या रुंदीएवढा कोरा पत्रा. मग खाली पुन्हा तीन रेघा. आणि दांडा उभा होता, त्याच्या अंगावर तीन लाल तुकडे, ते कशालाच जुळत नव्हते. कोणीही पाहिलं असतं तरी कळलं असतं की पूजेच्या दिवशी दांडा आडवा होता. फक्त पाहणाऱ्याला आडवा म्हणजे बंद हे माहीत असायला हवं होतं.

पेठे मॅडमला ते माहीत होतं. त्या झडपेसमोर उभ्या होत्या. “किती सुंदर,” त्या म्हणाल्या आणि मोबाईल काढून त्यांनी फोटो घेतला.

सिंधूला आडवा म्हणजे बंद हे माहीत नव्हतं. पण मॅडम आत्ताच म्हणाल्या होत्या की पूर्ण उघडी आहे. आणि रेघा कशा काढल्या होत्या ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. तिनं दांड्याकडे पाहिलं. खाली फरशीवर पाहिलं, तिथं कोपऱ्यात मी कापलेल्या तारेचा एक तुकडा राहिला होता. मग तिनं आपली तीन बोटं पाहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

“मी निष्कर्ष लिहिते,” मॅडम म्हणाल्या. “हवा समाधानकारक. तक्रारदार म्हणून तुमचं काही म्हणणं? असेल तर सांगा, मी तुमच्या शब्दांत लिहीन. घाबरू नका.”

राजुरकर साहेबांनी रुमाल काढला आणि तसाच हातात धरला. ब्लोअर बंद होता, त्यामुळे जाळीतून हॉलमधल्या लांजेवार बाई ऐकू येत होत्या. कोणाला तरी सांगत होत्या की आज त्या घरी चालत जाणार.

“बोला ना,” मॅडम म्हणाल्या.

सिंधूनं खोल श्वास घेतला. गुरुजींनी शिकवला होता तसा. तो पूर्ण आत गेला, अडकला नाही.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “काही म्हणणं नाही. आज हवा चांगली आहे.”

मॅडमनी लिहिलं, तक्रारदाराने समाधान व्यक्त केले. सिंधूनं खाली सही केली. पेन तिनं राजुरकर साहेबांचं घेतलं.

घरी येताना स्कूटरवर ती मागे बसली होती. घरी आल्यावर तिनं खिडक्या उघडल्या, चहा केला, देवाजवळ दिवा लावला. जेवणं झाली. मग भांडी घासता घासता, पाठमोरीच, म्हणाली, “अहो.”

“काय?”

“उद्या गेले की ते कुंकू पुसून टाका झडपेवरचं. आता उघडीच राहणार, तर ते असं अर्धं अर्धं बरं नाही दिसत.”

“पुसतो,” मी म्हणालो.

“पूजेचं पुसत नाहीत. पण चालते. मी सांगून राहिली तर चालते.”

दिवाळीच्या आधी मला कायम केल्याचं पत्र आलं. सिंधूनं ते देवापुढे ठेवलं आणि शेजारी पेढे वाटले. मुख्य कार्यालयानं पेठे मॅडमचा रिपोर्ट सगळ्या शाखांना पाठवला. मुखपृष्ठावर आमच्या झडपेचा फोटो होता, तुटलेल्या रेघांसकट. खाली लिहिलं होतं, ‘यंत्रांची मनोभावे देखभाल’. तो सूचनाफलकावर वर्षभर लटकला. तिसऱ्या मजल्यावरचे लोक त्याच्यासमोरून रोज डबा धुवायला जायचे.

ज्या बत्तीस जणांनी सिंधूच्या मागे सह्या केल्या होत्या, ते काही दिवस तिच्याशी बोलत नव्हते. “नवरा कायम होणार होता तर आधीच सांगायचं होतं,” असं एक जण तिला तोंडावर बोलला. लांजेवार बाई तेवढ्या बोलायच्या, तेही जाग्या असल्या की.

सिंधूनं आणखी पाच वर्षं तिथं काढली. मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. नंतर घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. मीच त्याचे फिल्टर धुवायचो. छातीच्या डॉक्टरांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “घरात चूल होती का? कधी गिरणीत, कारखान्यात कामाला?”

“नाही. विम्याच्या ऑफिसात. एसीत.”

“मग बरं,” डॉक्टर म्हणाले आणि वहीत काहीतरी खोडलं.

ती गेली त्याला आता सहा वर्षं होतील. कशानं गेली ते कागदावर लिहिलं आहे, त्यात हवेचा उल्लेख नाही. मीही कोणाला काही सांगितलं नाही. तिला हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला. बाया म्हणाल्या, “भाग्याची गं. कुंकू घेऊन गेली.” माझी बहीण म्हणाली, “दादा, शेवटचं तू लाव.” कोणीतरी करंडा पुढे केला. मी तीन बोटं बुडवली. बहीण म्हणाली, “एकाच बोटानं लाव दादा, कपाळ आहे.”

एक सांगायचं राहिलं.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी ओली चिंधी बरोबर घेऊन मशीनच्या खोलीत गेलो होतो. कुंकू पुसायचं म्हणूनच. फोन वाजला. राजुरकर साहेब होते.

“पाहुणे गेले,” ते म्हणाले. “तार लाव.”

“साहेब, थोडी उघडी ठेवली तर—”

“यादी अजून गेली नाही हेडाऊ.”

मी नवी तार काढली. दांडा फिरवला, उभ्याचा आडवा केला. कडुनिंबाचा वास थांबला. तार तीनदा गुंडाळली आणि पक्कडीनं पीळ दिला. मग चिंधी उचलली, तर पुसायला काही नव्हतंच. पत्र्यावरच्या रेघा आणि दांड्यावरचे तुकडे एकमेकांना बरोबर जुळले होते. तीन रेघा, वरपासून खालपर्यंत, अखंड. तिनं काढल्या होत्या तशाच.

दुपारी तीनला मी पट्टा तपासायच्या निमित्तानं ब्लोअर बंद केला आणि जाळीपाशी उभा राहिलो. हॉल ऐकू येत होता. कीबोर्डचे आवाज, कोणाची तरी जांभई. मग सिंधू खोकली. एकदाच. आणि थांबली. ब्लोअर थांबला की मी जाळीशी असतो, हे तिला माहीत होतं.

मी ब्लोअर चालू केला.